दुधकानी कुणाची

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार लिहायला घेतला होता, पण हात वळेना. तेव्हा तो राहू दे.

यांचा जबडा मोडलाय. खालचा, दोन ठिकाणी. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकलेत. आता महिनाभर तोंड उघडायचं नाही, नळीने पातळ काहीतरी प्यायचं आणि काही हवं असलं तर पाटीवर लिहायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पहिल्यांदाच मला मधेच कुणी तोडत नाही. तुला हसू यावं म्हणून हे लिहिलं. आलं असेल तर पुढचं वाच, म्हणजे जाईल.

रविवारी हे नेहमीसारखे बाजारात बोकड घेऊन बसले होते. शेजारी आपला बोर्ड, बाबांनी स्वतः रंगवलेला: 'दुधकानी जातीचे बोकड मिळतील.' तुझ्या शेळीपालक संस्थेचे सचिव आले, मागे तुमच्या अध्यक्षांचे दोघे पुतणे. सचिव म्हणाले, "हा बोर्ड उतरवा. दुधकानी हे नाव आता नोंदलेलं आहे. शिंगवाली जनावरं त्यात बसत नाहीत."

हे म्हणाले, "मग ही कोण आहेत?"

"संकर म्हणा. मिश्र म्हणा. आम्हाला काय त्याचं? फक्त दुधकानी म्हणू नका."

यांनी बोर्ड उतरवला. सगळ्या बाजारादेखत, अगदी शांतपणे उतरवला, आणि तोच सचिवांच्या टाळक्यात घातला. मी लपवत नाही, पहिला हात यांचाच होता. मग पुतण्यांपैकी एकाने शेजारच्या वजनकाट्याचा लोखंडी दांडा उचलला. भाजीवाली म्हणते, आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा आला. हे खाली पडले, बोकड दोर तोडून सुटले, आणि लोक बोकडांमागे धावले. यांना उचलायला कुणी थांबलं नाही. बोकड महाग असतात ना.

तुला मी त्या दिवसापासून फोन करते आहे. तू घेत नाहीस. म्हणून पत्र. पत्र वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला आलेली पण वाचायचास.

आता दुसरं. तुमच्या संस्थेचं माहितीपत्रक हाती आलं. गुळगुळीत कागद, वर तुझा फोटो, कोट घातलेला. आत लिहिलंय की दुधकानी ही 'शुद्ध, जन्मतः बिनशिंगी' जात तू 'अनेक वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध' केलीस. दादा, वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू विसरला असशील तर मी सांगते, आणि तू विसरला नाहीस हेही मला ठाऊक आहे.

आईबरोबर तिच्या माहेरच्या शेळ्या आल्या. उंच, भुंड्या, लांब पांढऱ्या कानांच्या, दुधाला दांडग्या, पण गारठा पडला की मान टाकणाऱ्या. बाबांच्या होत्या बुटक्या, शिंगाळ, दगड घातला तरी पचवतील अशा. बाबांनी जन्मभर त्या दोन्हींची सोयरीक जुळवली. लोकांनी त्या पांढऱ्या कानांवरून दुधकानी म्हणायला सुरुवात केली. नाव लोकांनी दिलं, ते बाबांनीही दिलं नाही. आणि गोठ्याच्या मधोमध कुंपण होतं: अलीकडे भुंड्या, पलीकडे शिंगवाल्या. बोकड नेहमी पलीकडचा यायचा. "लग्न कुंपणाबाहेर," म्हणायचे. का, ते कधी सांगितलं नाही. आपण दोघं त्याला त्यांचा हट्ट समजत होतो.

बाबा गेल्यावर तू भुंड्या घेतल्यास, मी शिंगवाल्या. शिंग नसलेलं जनावर दिसायला देखणं, प्रदर्शनात भाव खातं, म्हणून तू आधी निवडलंस. मी काही बोलले नाही. पण दर हंगामाला टेम्पो यायचा, तुझा बोकड मला, माझा तुला. दोन वर्षांपूर्वी टेम्पो यायचा थांबला. मला वाटलं, रस्ता खराब असेल. मी किती भोळी आहे बघ.

बोर्ड मोडला. मी नवीन करायला टाकलाय, तोच मजकूर.

तुझी (अजून तरी) बहीण


२ मार्च

दादा,

संस्थेचं पत्र मिळालं. खाली तुझी सही. 'सदर कळप दुधकानी या नावाने विकल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' 'सदर कळप' म्हणजे मी. ज्या शेळ्यांचं दूध पिऊन तुला मिशा फुटल्या, तो सदर कळप.

यांनी पत्र वाचलं आणि पाटीवर एक शब्द लिहिला. तो इथे लिहिता येत नाही.

पण मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. बाबा मला ठिणगी म्हणायचे ते उगाच नव्हे. मी नोंदणी कार्यालयात गेले. तिथे एक तपासनीस आहेत, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारे, पण माणूस सरळ. त्यांनी मला तुमचेच नियम वाचून दाखवले. तुमच्या नोंदणीत एक कलम आहे, तुमच्या अध्यक्षांनी न वाचता तसंच ठेवलेलं: नोंदणीच्या आधीपासूनची खूण ज्या जनावराच्या कानात गोंदलेली आहे, ते मूळ जनावर. त्याला शिंगं असोत नसोत, ते आणि त्याची पिल्लं दुधकानी धरायची.

आता खुणेचं तुला सांगायला नकोच. बाबांच्या गोंदायच्या पकडीतले सगळे आकडे हरवले होते, फक्त सात उरले. म्हणून आपल्याकडे प्रत्येक शेळी सत्त्याहत्तर नंबरची. आई म्हणायची, हाक मारली की सगळ्याच येतील. माझ्याकडे डाव्या कानात सत्त्याहत्तर असलेल्या सहा शेळ्या आहेत आणि म्हातारा आहे, बाबांच्या हातचा शेवटचा बोकड. बाबा गेल्यावर मी ती पकड वापरली नाही, नंतरच्या बोकडांच्या कानात प्लॅस्टिकचे बिल्ले आहेत. तपासनीस म्हणाले, हिरवी शाई कानाबरोबर पसरत जाते, कानामागे टॉर्च धरला की किती जुनी ते कळतं. ते वीस तारखेला येणार आहेत, कान बघायला.

म्हणजे कळलं ना तुला? माझे शिंगवाले दुधकानी ठरणार. तुझी माहितीपत्रकं पुड्या बांधायला मला पाठवून दे, थोडी जास्तच पाठव.

तुला हे आधीच कळवते आहे, कारण मला तुझं तोंड डोळ्यांसमोर आणायचं आहे. बाजारात यांचं जे झालं त्याबद्दल तू अजून एक अक्षर लिहिलं नाहीस. पुतण्यांना तू पाठवलं नव्हतंस, एवढं लिहिलं असतंस तरी मी मानलं असतं.

ठिणगी


१९ मार्च

तुझी मांडी कशी आहे?

आज सकाळी मी यांना तारा काढायला दवाखान्यात घेऊन गेले होते. घरी कुणी नव्हतं. दुपारी परत आलो तर फाटक लावलेलं, कडीसुद्धा नीट घातलेली. शेळ्या ओरडत नव्हत्या. आम्ही आलो की नेहमी ओरडतात. हे दार उघडून पुढे झाले आणि तिथेच उभे राहिले.

सहाही शेळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकमेकींत डोकं खुपसून. डावा कान कुणालाच नव्हता. मुळापासून उडवलेला. मी हात लावला की डोकं झटकायच्या आणि रक्ताचे थेंब माझ्या तोंडावर उडायचे. भिंतीवर उडालेले होते, गव्हाणीत होते, कडब्यावर होते. एकीने झटकून झटकून स्वतःचा डोळा भरून घेतला होता. तिला वाटत होतं आपण आंधळे झालो, ती खांबावर जाऊन आदळत होती. कान कुठेच सापडले नाहीत. सोबत नेले.

म्हातारा मेला होता. तो दाराजवळ पडला होता, गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक खांबाला इतकं आवळलेलं की जीभ बाहेर. त्याने धरू दिलं नसणार. त्याचा कान मेल्यावर कापला, कारण त्या जखमेतून रक्त आलंच नाही. पण त्याचं उजवं शिंग बोटभर लाल होतं, आणि शिंगाला कापडाचा तुकडा अडकला होता, मातकट रंगाच्या पँटचा. कुणाला तरी त्याने नीट लावलंय.

हे तिथेच खाली बसले. आज तोंड उघडलं होतं, महिनाभराने बोलता आलं असतं, आणि हे हाताने पाटी शोधत होते.

मी ठरवलं, हे पुतण्यांचं काम. कुऱ्हाड घेऊन निघालेसुद्धा होते. यांनी दारात आडवं पडून अडवलं. मग गुरांचे डॉक्टर आले, जखमा धुवायला लागले, आणि म्हणाले, "ताई, हे विचित्र आहे. एवढे कान कापले तर दोन-तीन तरी रक्त जाऊन मेल्या असत्या. कापणाऱ्याने आधी चिमटा लावलाय."

मी बॅटरी जवळ धरून पाहिलं. प्रत्येक जखमेच्या कडेने चपटा निळा वळ होता. खच्ची करायच्या चिमट्याचा. आधी कानाचं मूळ चेचायचं, शिरा बंद होऊ द्यायच्या, थोडं थांबायचं, मग कापायचं. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं तसं, कुत्र्याने फाडलेला कान काढताना.

अध्यक्षांच्या पुतण्यांनी कान उपटून नेले असते. शेळी मेली तर मेली. त्यांना कशाला हव्यात या उठाठेवी? सहा वेळा चिमटा लावून सहा वेळा वाट बघणारा माणूस मला एकच माहीत आहे.

मला कळेना, याचं काय करू. तू गळे कापले असतेस तर सोपं झालं असतं. मी सरळ येऊन तुझा कापला असता. तू माझ्या गोठ्यात उभा राहून त्यांना दुखू नये म्हणून थांबलास, आणि मग कापलंस. रक्त माझ्या नखांत आहे, धुतलं तरी वास जात नाही, आणि मी बसून विचार करते आहे की दादाची मांडी किती खोल फाटली असेल. याची मला इतकी चीड येते आहे की लेखणी कागदातून आरपार जाते आहे. बघ, इथे भोक पडलं.

तपासनीस उद्या येणार आहेत. त्यांनी काय बघायचं?


६ एप्रिल

दादा,

कालची रात्र मी पोलीस चौकीच्या बाकावर काढली. सकाळी सोडलं. हवालदार म्हणाला, "तुमच्या भावाने तक्रारच दिली नाही. पुन्हा असं करू नका." मी म्हटलं, दुसऱ्या कानाला करीन. तो हसला, मी हसले नाही.

तू नाहीतरी सगळं पाहिलंस, पण माझ्या बाजूने पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

तपासनीस वीस तारखेला कान नसलेल्या शेळ्या बघून गेले होते आणि निकाल काल तुमच्या सभेत सांगणार होते. तिथे मी बोलायला गेले होते. शपथेवर सांगते. एका शेळीला घेऊन गेले, कानाच्या जागी पट्टी बांधलेली, आणि पिशवीत बाबांची पकड आणि हिरव्या शाईची बाटली, पुरावा म्हणून. हॉलमध्ये तुमची ती लांब टेबलं, पाण्याचे झाकलेले ग्लास, तुमचे अध्यक्ष दात कोरत बसलेले. शेळीने फरशीवर लेंड्या टाकल्या तर सचिवांनी नाकाला रुमाल लावला. शेळ्यांच्या संस्थेचे सचिव.

तपासनीस उभे राहिले. त्यांचा आवाज बसला होता. "बाई, मला सगळं दिसतंय. पण कान नाही तर खूण नाही. खूण नाही तर मला नोंद करता येत नाही." मी पकड दाखवली, सातचे दोन ठोकळे दाखवले. ते म्हणाले, "पकड कुणाकडेही असू शकते." खरं होतं ते. अध्यक्ष म्हणाले, "झालं ना समाधान? जात नोंदलेली आहे, नाव संस्थेचं आहे. आता ते जनावर बाहेर न्या."

मग तू त्या निकालावर सही करायला उठलास. टेबलापर्यंत आलास, उजवा पाय ओढत. मला तोवर कुठेतरी वाटत होतं की मी चुकले असेन.

त्यानंतर मी काही ठरवलं नाही. शाईची बाटली उघडलेली आठवते. तू सहीला वाकला होतास, डावा कान माझ्याकडे होता. मी तुझे केस धरले, पकड कानाच्या पाळीवर बसवली आणि दोन्ही हातांनी दाबली, सगळं अंग त्यावर टाकून. सुया आरपार गेल्याचा आवाज मला ऐकू आला, कच्च्या चामड्यातून जातात तसाच. लोक ओरडले. अध्यक्षांचा ग्लास फुटला. कुणीतरी माझ्या पाठीत लाथ घातली, मी सोडलं नाही. तुझ्या मानेवरून हिरवं आणि लाल एकत्र वाहत पांढऱ्या कॉलरमध्ये गेलं.

आणि तू हललाच नाहीस. तुला मला एका हाताने भिंतीवर फेकता आलं असतं. तू टेबलाची कड धरलीस आणि मान एकदम स्थिर ठेवलीस. जनावर हललं की आकडा फाटतो, म्हणून धरून ठेवायचं काम लहानपणी तुझं असायचं. मी शाई चोळेपर्यंत तू तसाच उभा राहिलास. मग मला लोकांनी ओढलं.

मला तुझा राग येतो. मला तुझी इतकी आठवण येते की त्याचाही राग येतो. हे दोन्ही एकदाच लिहून टाकते, पुन्हा लिहिणार नाही.

घरी आल्यावर दारात माझा माल घेणारे तिघे उभे होते. सगळ्यांना बातमी कळली होती. नाव नाही तर पैदाशीचा बोकड म्हणून कुणी घेणार नाही, मटणाच्या भावाने घेऊ म्हणाले. मी त्यांना हाकललं. म्हटलं, मटणच करायचं तर मी करते.

एकूण नऊ बोकड होते. पहिला मी मारला. बाजारात दोर तोडून पळालेला तोच, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तो मला हुंगायला आला, त्याला वाटलं चारा आणला. कोयता नीट बसला नाही. तो अर्धी मान घेऊन गोठाभर धावला, बाकीचे वेडे होऊन कुंपणावर चढले, एकाचा पाय मोडला. मी त्याच्यामागे धावत होते, घसरत होते, पुन्हा उठत होते. हे ओरडत होते, "पुरे कर, अगं पुरे कर." संपलं तेव्हा माझ्या अंगावर बोट ठेवायला कोरडी जागा नव्हती.

खाटीक आला. आमच्याकडे इतकी वर्षं येणारा माणूस, कधी भावाशिवाय दुसरं बोलत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोयता माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत जा. हे असं करायचं नसतं." उरलेले त्याने नेले. सगळे. आता माझ्याकडे एकही बोकड नाही, शिंगवाला नाही की बिनशिंगी नाही. नाव तुला मिळालं. आता माझ्यामागे कुणी ते लावून फिरणार नाही.

मी तुला पुन्हा लिहीन असं वाटत नाही.


९ नोव्हेंबर

दादा,

वहिनी येऊन गेली. तुला न सांगता आली असं म्हणाली. तुझी बायको खोटं बोलत नाही, म्हणून मानते.

एस.टी. स्टँडपासून चालत आली. हाताला मनगटापर्यंत पट्टी. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "लोकांनी गोठा पेटवला, वन्सं. करडं बाहेर काढताना भाजलं." मग गव्हाणीच्या कठड्यावर बसली आणि सगळं सांगितलं. मी तिला आत बोलावलं नाही, पाणीही उशिरा दिलं. मी चांगली बाई नाही.

तिने सांगितलं की तुझ्याकडून नोंदणीची मादी करडं घेतलेल्या लोकांच्या शेळ्या वर्ष उलटलं तरी माजावर येईनात. तपासल्या, तर कित्येक माद्याच नव्हत्या. वरून शेळी, खाली ना धड नर ना धड मादी. ते लोक ट्रक भरून आले. आधी तुमच्या अध्यक्षांकडे गेले, तर ते गाव सोडून पसार. मग तुझ्याकडे आले. तुला अंगणात ओढून काठ्यांनी मारलं, बरगड्या मोडल्या, आणि तुझी सगळी प्रमाणपत्रं तुझ्या तोंडात कोंबली. वहिनी म्हणाली, "यांनी हात वर केला नाही. एकदासुद्धा नाही." मला ते सांगायची गरज नव्हती. तू कसा उभा राहतोस, मी पाहिलंय.

मग गुरांच्या डॉक्टरांनी समजावलं म्हणे. भुंड्यावर भुंडा सतत लावला की काही माद्या अशाच जन्माला येतात. एका बाजूला तरी शिंगवाला हवा. बाबांचं कुंपण त्यासाठी होतं. त्यांना कारण माहीत होतं की नुसतं पाहून पाहून कळलं होतं, देव जाणे. मलाही माहीत नव्हतं, दादा. कळपाच्या वाटणीत मला आधी निवडायला मिळालं असतं आणि मी भुंड्या घेतल्या असत्या, तर आज तुझ्या जागी मी असते.

पण वहिनीने आणखी एक सांगितलं. मागच्या वर्षीच तुला काही करडं तशी सापडली होती. तू ती कुणाला न दाखवता मारलीस आणि पुरलीस. म्हणजे माझ्या शेळ्यांचे कान कापलेस तेव्हा तुझ्या परसात ती पुरलेली होती. जातीचं नाव तुझ्या हातात कुजत होतं, तरी ते माझ्या हाती जाऊ नये म्हणून तू आलास. हे मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, मीच लिहिलेलं, आणि मला ते अजून गिळता येत नाही.

शेवटी वहिनी म्हणाली, "वन्सं, एक शिंगवाला बोकड द्या. बाबांच्या रक्ताचा. पदर पसरते." तिने खरंच पसरला, भाजलेल्या हाताने.

मी तिला रिकामा कप्पा दाखवला. म्हटलं, "नऊ होते. सगळे कापले. तुमच्या नवऱ्याला नाव हवं होतं, ते आहे ना त्याच्याकडे? ते चढव म्हणावं शेळ्यांवर." ती उठली, चालायला लागली. फाटकापाशी तिला चक्कर आली, यांनी धरलं आणि स्टँडपर्यंत सोडलं.

परत आल्यावर यांनी मला विचारलं, "मग मागच्या खोलीत काय आहे?" जबडा अजून एका बाजूला उतरतो, त्यामुळे हे काहीही विचारतात ते दात चावल्यासारखं वाटतं. या वेळी तर ते चावतच होते.

मागच्या खोलीत एक बोकड आहे. तुझ्या चिमट्यामुळे जगलेल्या सहांपैकी एक म्हाताऱ्यापासून गाभण होती. मी तेव्हा त्यांच्याकडे बघतच नव्हते, मला कळलं नाही. जुलैच्या शेवटी व्याली. एकच करडू, नर. कान पांढरे, लांब, आईच्या शेळ्यांचे. शिंगं आली आहेत, अजून आखूड, पण मुळाशी जाड. काल त्याने यांना गुडघ्यात अशी धडक दिली की हे दिवसभर लंगडत होते. पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल. जगात त्या रक्ताचा तेवढाच उरलाय. तुझ्याकडे नुसत्या भुंड्या शेळ्या, माझ्याकडे नुसत्या कान नसलेल्या, आणि मधे हा एक.

मला तो द्यायचा नव्हता. वहिनीला खोटं बोलले ते मनापासून बोलले. पण काल संध्याकाळभर मी त्याच्यासमोर बसले होते, आणि मला कळलं की हा माझ्याकडे राहिला तरी मी उद्या बाजारात जाऊन तोच बोर्ड लावणार, आणि तू नाहीतर दुसरा कुणीतरी दांडा घेऊन येणार. नाव आहे तोवर आपण एकमेकांना कापत राहणार. आपल्याला दुसरं काही येत नाही.

म्हणून असं कर. नोंदणी कार्यालयात जाऊन तुझ्या हाताने लिहून दे की दुधकानी म्हणून कुठली जात नाही. तुझी नाही, माझी नाही, बाबांचीही नाही. नोंद रद्द करून घे. मीही इथे लिहून देते, की ते नाव मी पुन्हा तोंडातून काढणार नाही, बोर्डवर लिहिणार नाही, मेल्यावर कुणी माझ्याबद्दल लिहिलं तर त्यातही नको. पिल्लांना शेळ्या म्हणू. चांगल्या निघाल्या तर लोक काय म्हणायचं ते म्हणतील, आपण कानांवर हात ठेवू.

ते लिहून दिलेला कागद घेऊन तू स्वतः ये. वहिनीला पाठवू नकोस. बरगड्या दुखत असतील तर हळू ये. बोकड घेऊन जा, आणि पहिल्या हंगामानंतर तो मला परत आणून दे, माझ्याही शेळ्या थांबल्या आहेत.

लिहून द्यायचं नसेल तर येऊ नकोस. मला बोकड मारता येतो की नाही, हे तू या पत्रांतून वाचलंच आहेस. या वेळी मी कोयता नीट बसवीन.

खाटकाला शनिवारी बोलावलंय. आज सोमवार आहे.

ठिणगी